स्वयंसेवी संगणन : प्रकल्पांची संख्या नव्हे, नियोजन महत्त्वाचे

परदेशात स्थिरावलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांत आज निदान एक संगणक असतोच. मुले मोठी असतील तर दोन-तीनही असतात. पण तो दिवसभरात खरोखर राबतो किती? पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, गावाकडच्या नातेवाइकांशी बोलणे, एखादा चित्रपट, एवढीच त्याची कामे. या सर्व कामांत त्याच्या प्रोसेसरचा अगदी थोडा भाग खर्ची पडतो. उरलेली शक्ती कपाटात ठेवून दिलेल्या पुस्तकासारखी असते. ती आपल्या मालकीची असते, पण कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ही पडून असलेली शक्ती शास्त्रीय संशोधनाला विनामूल्य देण्याची जी व्यवस्था गेल्या पाव शतकात उभी राहिली, तिला 'स्वयंसेवी संगणन' असे म्हणतात.

या व्यवस्थेत सहभागी होणारी काही कुटुंबे आपल्या परिचयातही आहेत, ही आनंदाची बाब आहे. तथापि त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. एकदा गोडी लागली की माणूस एका प्रकल्पावर थांबत नाही. आज खगोलशास्त्र, उद्या हवामान, परवा कर्करोग, तेरवा गणितातील मूळ संख्या, असे करता करता एकाच संगणकावर दहा-बारा प्रकल्प जमा होतात. जितके प्रकल्प अधिक तितकी सेवा अधिक, असा त्यामागचा समज असतो. हा समज चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाहून अधिक प्रकल्प जरूर घ्यावेत; परंतु आपल्या संगणकाला आणि आपल्या घराच्या अंदाजपत्रकाला जेवढे पेलतील तेवढेच घ्यावेत, आणि घेतलेले काम दिलेल्या मुदतीत परत करावे. एरवी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही आपल्याकडची म्हण सार्थ करण्यापलीकडे आपल्या हातून फारसे काही घडणार नाही.

या व्यवस्थेचे स्वरूप

विषय नवा असलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी १७ मे १९९९ रोजी 'सेटी अ‍ॅट होम' हा प्रकल्प सर्वांसाठी खुला केला. अरेसिबो येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे लहान लहान तुकडे करायचे, ते जगभरच्या घरगुती संगणकांकडे पाठवायचे आणि परग्रहावरील बुद्धिमान जीवसृष्टीचा एखादा संकेत त्यांत दडलेला आहे का, हे तपासून घ्यायचे, अशी ती कल्पना होती. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तिला प्रतिसाद दिला. पुढे याच परिवारातील डेव्हिड अँडरसन यांनी 'बॉइंक' हे सॉफ्टवेअर विकसित केले. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पासाठी निराळा प्रोग्रॅम बसवण्याची गरज उरली नाही. एकाच व्यवस्थापकाच्या हाताखाली अनेक प्रकल्प चालू लागले. आपल्या आजच्या प्रश्नाचा उगमही तेथेच आहे.

प्रत्येक प्रकल्पाचा सर्व्हर आपल्या संगणकाला कामाचा एक तुकडा देतो आणि तो परत करण्याची मुदत ठरवून देतो. 'आइनस्टाइन अ‍ॅट होम' या प्रकल्पात ती साधारणतः दोन आठवड्यांची असते. काही प्रकल्पांत अवघ्या तीन दिवसांची, तर काहींत बरीच लांब. अनेक प्रकल्पांत एकच तुकडा दोन निरनिराळ्या संगणकांना दिला जातो आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच निष्कर्ष ग्राह्य धरला जातो. एखाद्या यंत्रातील बिघाड किंवा एखाद्याची लबाडी शास्त्रात शिरू नये, म्हणून घेतलेली ही दक्षता आहे.

यातील मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. आपण काम घेतले आणि ते मुदतीत परत केले नाही, तर सर्व्हर ती मुदत संपेपर्यंत वाट पाहत बसतो आणि मगच तो तुकडा तिसऱ्या कोणाला देतो. तोवर ज्या अनोळखी सहकाऱ्याने आपला अर्धा भाग वेळेवर पूर्ण केला, त्याचे श्रमही अडकून पडतात. म्हणजे पेलत नसताना घेतलेले काम हे सेवेचे आधिक्य नसून तो दुसऱ्याच्या मार्गातील अडथळा असतो. न घेतलेल्या कामाने कोणाचे नुकसान होत नाही. घेऊन ठेवलेल्या कामाने मात्र होते.

वाटणीचे गणित

बॉइंकमध्ये प्रत्येक प्रकल्पाला एक 'रिसोर्स शेअर', म्हणजे वाटणीचा आकडा, देता येतो. आपण काही बदल केला नाही तर तो १०० असतो. पुष्कळांना हा आकडा शेकडेवारीचा वाटतो आणि सगळा गोंधळ येथून सुरू होतो. हा आकडा म्हणजे केवळ गुणोत्तर आहे. तीन प्रकल्पांना १००, १०० आणि २०० असे आकडे दिले, तर वाटणी २५, २५ आणि ५० टक्के होते. त्यांत १०० आकड्याचा चौथा प्रकल्प आणला की तीच वाटणी २०, २०, ४० आणि २० टक्के होते. नवा पाहुणा जेवायला बसला म्हणून भाकरी वाढत नाही. प्रत्येकाच्या ताटातली थोडी कमी होते, एवढेच.

आता दहा प्रकल्पांचे उदाहरण घेऊ. समजा, चार कोअरचा संगणक दररोज आठ तास चालू असतो. म्हणजे दिवसाला ३२ कोअर-तास हाती आले. दहा प्रकल्पांत समान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.२ तास येतात. एखाद्या कामाला ४० तास लागणार असतील, तर या गतीने ते पूर्ण व्हायला साडेबारा दिवस लागतील. त्याची मुदत आठवड्याची असेल तर काय होईल? बॉइंक हे हुशार सॉफ्टवेअर आहे. मुदत चुकण्याचा धोका दिसताच ते त्या कामाला अग्रक्रम देते आणि इतरांना थांबवते. पण थांबवलेल्यांच्याही मुदती जवळ येतच असतात. अखेरीस सर्वच कामे घाईची होतात आणि त्यांतली काही हमखास राहून जातात. हेच दोन प्रकल्प असते, तर प्रत्येकाला दिवसाला १६ तास मिळाले असते आणि असली ओढाताण उद्भवलीच नसती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज एखाद्या प्रकल्पाला ठरल्यापेक्षा अधिक वेळ मिळाला आणि दुसरा नुसता थांबून राहिला, असे दिसले तर घाबरून आकडे बदलू नयेत. बॉइंक ही वाटणी रोजच्या रोज काटेकोर पाळत नाही. दीर्घ काळात ती जुळवून आणते. रोज उठून आकड्यांत फेरफार करणारा मनुष्य त्या यंत्रणेला हिशेब पुरा करण्याची संधीच देत नाही. आकडे एकदा विचारपूर्वक ठरवावेत आणि महिनाभर त्यांना हात लावू नये.

कामाचा साठा किती करावा, हाही असाच विषय आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या दिवसांत आठवड्याचे काम एकदम आणून ठेवणे सोयीचे असे. आज घरोघरी अखंड जोडणी असताना दहा-दहा दिवसांचा साठा करण्याचे काही कारण नाही. अनेक प्रकल्प आणि मोठा साठा हे दोन्ही एकत्र आले की मुदती चुकल्याच म्हणून समजावे. अर्ध्या दिवसाचा साठा बहुतेक घरांना पुरेसा आहे.

मग एकच प्रकल्प का नको?

यावर कोणी विचारील की, एवढी कटकट असेल तर एकच प्रकल्प घ्यावा आणि मोकळे व्हावे. हा आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. पण अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. प्रकल्प हे अमरपट्टा घेऊन आलेले नसतात. ज्या सेटीने ही चळवळ जगभर नेली, त्याच सेटीने ३१ मार्च २०२० पासून नवे काम देणे थांबवले. 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' हा आरोग्यविषयक संशोधनाचा मोठा उपक्रम आयबीएम कंपनीने २००४ साली सुरू केला. पुढे तो टोरांटो येथील क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला, आणि २०२२ साली त्या स्थलांतराच्या वेळी तेथील कामवाटप दीर्घकाळ बंद होते. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या साथीत, 'फोल्डिंग अ‍ॅट होम' या प्रकल्पाकडे स्वयंसेवकांची इतकी रीघ लागली की काम वाटणारे सर्व्हरच अपुरे पडू लागले. अशा प्रसंगी एकाच प्रकल्पावर विसंबलेला संगणक रिकामा बसतो.

यावर बॉइंकमध्येच एक सुंदर तोडगा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. एखाद्या प्रकल्पाचा आकडा शून्य ठेवला, तर तो राखीव होतो. इतर प्रकल्पांकडे काम नसेल तेव्हाच त्याच्याकडून काम आणले जाते, आणि तेही साठा न करता. म्हणून माझी शिफारस अशी : मनापासून निवडलेले दोन प्रकल्प मुख्य ठेवावेत आणि तिसरा शून्य आकड्याने राखीव ठेवावा. सामान्य घरासाठी एवढे पुष्कळ झाले. फोल्डिंग अ‍ॅट होम हा बॉइंकबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, हेही लक्षात ठेवावे. तो बॉइंकची वाटणी जाणत नाही, आणि बॉइंकही त्याची जाणत नाही. दोन्ही एकाच संगणकावर चालवायचे असतील, तर एकाला प्रोसेसर आणि दुसऱ्याला ग्राफिक्स कार्ड असे क्षेत्र आखून द्यावे. अन्यथा एका घरात दोन कारभारी अशी गत होते.

निवड कशी करावी?

बॉइंक हे साधन कोणालाही वापरता येते. त्यामुळे त्यावर चालणारा प्रत्येक उपक्रम सारख्याच मोलाचा असतो असे नाही. प्रकल्प कोणते विद्यापीठ किंवा संस्था चालवते, निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध होतात का, आणि ते सर्वांना खुले असतात का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आपल्या घराचे दार कोणाला उघडू नये. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडने आपल्या संशोधकांवर निष्कर्ष खुले करण्याची अटच घातलेली आहे, आणि ती अनुकरणीय आहे.

या कसोटीला उतरणारी उदाहरणे पुष्कळ आहेत. ब्रिटनमधील आपल्या कुटुंबांना ऑक्सफर्ड विद्यापीठाचा 'क्लायमेट प्रेडिक्शन' हा प्रकल्प जवळचा वाटेल. हवामानाचे एकच प्रारूप थोड्याफार फरकाने हजारो वेळा चालवून भावी तापमानवाढीची व्याप्ती अजमावण्याचे काम तो २००३ पासून करीत आला आहे. 'रोझेटा अ‍ॅट होम' हा वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून निघालेला प्रथिनांच्या रचनेचा प्रकल्प आहे. बेकर यांना २०२४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रथिनांच्या संगणकीय रचनेबद्दलच.

आइनस्टाइन अ‍ॅट होमची कथा तर घरगुती संगणकाचे सामर्थ्य पटवणारी आहे. २०१० साली या प्रकल्पाने सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा एक नवा स्पंदक तारा शोधला. तो ज्यांच्या यंत्रांवर सापडला, त्यांत अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एक जोडपे आणि जर्मनीतील माइन्झ येथील एक सदस्य होते. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती आणि वेधशाळाही नव्हती. होता तो आपल्यासारखाच संगणक. हाच प्रकल्प अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरींचाही शोध घेतो. त्याच मालिकेतील 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारण्यास भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव त्या परिसरात आहे, त्यांच्या मुलांना या विज्ञानाशी नाते जोडण्यास याहून चांगले निमित्त कोणते हवे?

विजेचा हिशेब

आता एका अप्रिय पण अटळ मुद्द्याकडे वळतो. ही सेवा फुकट आहे असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. रिकामा संगणक आणि पूर्ण वेगाने राबणारा संगणक यांच्या वीजवापरात मोठे अंतर असते. हे अंतर ८० वॅट धरू. अहोरात्र चालवल्यास दिवसाला १.९२ युनिट आणि वर्षाला सुमारे ७०० युनिट जादा वीज लागेल. युनिटला २५ पेन्स असा दर धरला, तर हा खर्च १७५ पौंडांच्या घरात जातो. रोज आठच तास चालवला, तर तो ५८ पौंडांवर येतो. शक्तिमान ग्राफिक्स कार्ड जोडलेले असेल, तर आकडे याच्या दुपटी-तिपटीनेही वाढू शकतात.

हिवाळ्यात ती उष्णता खोलीला मिळते, म्हणून ती वाया जात नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे; पण ज्या घरात गॅसने ऊब मिळते, तेथे विजेचे युनिट गॅसच्या युनिटापेक्षा कितीतरी महाग पडते, हे विसरू नये. आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या बांधवांची स्थिती तर उलटच आहे. तेथे संगणकाने निर्माण केलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रालाही जादा राबावे लागते, म्हणजे भुर्दंड दुहेरी.

हा प्रश्न मला केवळ पैशांचा वाटत नाही. तो अग्रक्रमाचा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या पगारातून दरमहा गावाकडे पैसे जातात. कोणाच्या भावाचे शिक्षण, कोणाच्या आईचे औषधपाणी, कोणाच्या भाचीची वसतिगृहाची फी त्यावर अवलंबून असते. वर्षाला १७५ पौंड ही त्या हिशेबात लहान रक्कम नव्हे. ती वहीत न लिहिता नकळत विजेच्या बिलातून देत राहणे, हे विचारी माणसाचे लक्षण नाही. द्यायचीच असेल तर जाणीवपूर्वक द्यावी. वर्षाची मर्यादा ठरवावी आणि त्या मर्यादेत बसतील तेवढेच तास व तेवढेच प्रकल्प ठेवावेत. केवळ या कामासाठी नवा, महागडा संगणक घेण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. जी शक्ती एरवी पडून राहिली असती ती देणे, हाच या कल्पनेचा आत्मा आहे.

घरातील शिस्त

व्यवहारातील काही सूचना थोडक्यात देतो. कोअरपैकी निम्मेच या कामाला द्यावेत. म्हणजे यंत्र तापत नाही, पंखा किंचाळत नाही आणि मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येत नाही. कोणी संगणक वापरीत असेल तेव्हा काम थांबावे, ही सोय चालू ठेवावी. लॅपटॉप बॅटरीवर असताना हे काम करू नये. पंख्यावरची धूळ अधूनमधून साफ करावी. एखादा प्रकल्प सोडायचा असेल तर तो तडकाफडकी काढून टाकू नये. आधी 'नवे काम नको' अशी सूचना द्यावी, हाती असलेले पूर्ण करावे आणि मग निरोप घ्यावा. जे काम मुदतीत होणारच नाही अशी खात्री पटली, ते तसेच कुजवत न ठेवता रद्द करावे. सर्व्हरला तत्काळ कळते आणि तो ते दुसऱ्याला देऊ शकतो. प्रामाणिक नकार हा खोट्या होकारापेक्षा केव्हाही बरा.

नोकरीच्या ठिकाणच्या संगणकावर लेखी परवानगीवाचून असे काही बसवू नये, हे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका तंत्रशिक्षण संस्थेच्या संगणक व्यवस्थापकाने संस्थेच्या यंत्रांवर असे सॉफ्टवेअर बसवले, म्हणून त्याच्यावर फौजदारी कारवाई झाली. २००२ साली तडजोडीने प्रकरण मिटले, तरी प्रोबेशन आणि दंड त्याला चुकले नाहीत. ज्यांचे या देशातील वास्तव्यच नोकरीच्या परवान्यावर अवलंबून आहे, त्यांनी तर परक्याच्या यंत्रावर औदार्य दाखवूच नये. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे करायचे असते.

शेवटचा मुद्दा गुणांचा. केलेल्या कामाबद्दल बॉइंक गुण देते, संघांच्या क्रमवाऱ्या लागतात, आणि तरुण मुलांना त्याची चुरस वाटते. चुरस वाईट नाही. पण गुणांसाठी प्रकल्प जमवणे ही या कामाची विटंबना आहे. गुणांच्या तक्त्यात वरचे स्थान मिळाल्याने एकही रोग बरा होत नाही. वेळेवर परत गेलेल्या एका अचूक उत्तराने मात्र संशोधन एक पाऊल पुढे सरकते. म्हणून प्रकल्पांची निवड घरातल्या सर्वांनी एकत्र बसून करावी. कोणत्या कामाला किती वाटा आणि का, हे मुलांनी आई-वडिलांपुढे मांडावे. विजेचा खर्च आई-वडिलांनी मुलांपुढे मांडावा. गुणोत्तर, मुदत, खर्च आणि जबाबदारी हे चार धडे त्या एका बैठकीत मिळतील आणि ते शाळेतल्या धड्यांपेक्षा अधिक टिकतील.

आपल्या मंडळातील कुटुंबांनी या कार्यात जरूर यावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. किती प्रकल्प घेतले, हे एकमेकांना अवश्य सांगावे. परंतु त्याआधी किती कामे मुदतीत परत केली, हे स्वतःला विचारावे. दोन प्रकल्प घेऊन दोन्हींचा शब्द पाळणारे घर हे बारा प्रकल्पांची यादी मिरवणाऱ्या घरापेक्षा संशोधनाच्या अधिक उपयोगी पडते, एवढेच माझे नम्र प्रतिपादन आहे. सुज्ञ वाचक त्याचा विचार करतील, अशी आशा बाळगतो.